रिव्हरवर पुढे होऊन बेट कधी टाकावी आणि कधी चेकच बरा

प्रश्न असा आहे: नो-लिमिट होल्डममध्ये (बेटला मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार) बिग ब्लाइंडमधून (सक्तीची मोठी बेट भरलेल्या जागेवरून) बटणवाल्याची (फ्लॉपपासून शेवटी पाळी येणाऱ्याची) रेझ कॉल केली, म्हणजे त्याने वाढवलेली रक्कम भरली. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते) आणि टर्न (चौथा), दोन्हीवर त्याने बेट टाकली, आपण दोन्ही वेळा चेक-कॉल केलं, म्हणजे काही न टाकता पाळी पुढे दिली आणि मग त्याची बेट भरली. रिव्हरचा, म्हणजे पाचवा आणि शेवटचा पत्ता आला आणि आपला हात एकदम सुधारला. आता सवयीप्रमाणे चेक करून त्याच्या बेटची वाट बघायची, की पहिली पाळी आपली आहे तर आपणच बेट टाकायची? या दुसऱ्या प्रकाराला लीड म्हणतात. टेबलावर बहुतेक जण ‘डॉन्क’ म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थोडी टिंगल असते.

पत्ता आपल्याला लागला की नाही, यावर लीड ठरत नाही. हा पत्ता बघून समोरचा बेट टाकायचं थांबणार आहे का, यावर ठरते. तो थांबणार असेल तर चेक करून आपण त्याला फुकटात हात उघडायला देतो. तो थांबणार नसेल तर आपण पुढे होऊन त्याचे ब्लफ स्वतःच्या हाताने बंद करतो. पुढचं सगळं या एका गोष्टीचा हिशेब आहे.

आधी टिंगलीबद्दल. ‘ज्याने आधीच्या स्ट्रीटवर (फेरीत) बेट टाकली त्याच्याकडे चेक करायचं’ हा नियम वर्षानुवर्षं शिकवला गेला आणि फ्लॉपपुरता तो बहुतेक वेळा बरोबरही आहे, कारण फ्लॉपला रेझ करणाऱ्याची रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे हात) सरळसरळ वरचढ असते. पण कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांचा प्लुरिबस हा प्रोग्राम २०१९ मध्ये सहा जणांच्या नो-लिमिट होल्डममध्ये व्यावसायिकांना हरवून गेला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली: डॉन्क बेट ही चूकच असते, ही समजूत प्लुरिबसला मान्य नाही आणि तो व्यावसायिकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा ती टाकतो. म्हणजे चाल वाईट नाही, ती चुकीच्या पत्त्यावर वापरली जाते, एवढंच.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. अनेक जण तीन पत्तीतून पोकरकडे येतात. तीन पत्तीत चेक हा प्रकारच नाही. पाळी आली की चाल द्या नाहीतर पॅक करा. त्यामुळे चांगला हात आला की चिप्स पुढे सरकवायच्या, हे हातात बसलेलं असतं. पोकरमध्ये चेक हीसुद्धा पूर्ण चाल आहे आणि पुष्कळदा तीच जास्त पैसे देते.

एक हात घेऊन बघू

दोघांकडे १०० बिग ब्लाइंड (पुढे बीबी म्हणतो). बटणवाल्याने २.५ बीबी रेझ केली, स्मॉल ब्लाइंड (सक्तीचा अर्धा बीबी भरणारा) पळाला, आपण कॉल. पॉट ५.५ बीबी.

फ्लॉप: चौकट राणी, चौकट अठ्ठी, इस्पिक तिर्री. आपण चेक, त्याची १.८ ची बेट (पॉटच्या एक तृतीयांश), कॉल. पॉट ९.१.

टर्न: किलवर दुर्री. चेक, त्याची ६.९ ची बेट (साधारण पाऊण पॉट), कॉल. पॉट जवळजवळ २३ बीबी, प्रत्येकाकडे मागे ८८.८ बीबी.

रिव्हरच्या आधी दोघांच्या हातात काय उरलंय ते पाहा, कारण लीडचं गणित टर्नच्या या टप्प्यावरच मांडलं जातं. दुसऱ्यांदा पाऊण पॉट टाकणाऱ्या बटणवाल्याची रेंज दोन टोकांना गेलेली असते. वरच्या टोकाला एक्क्यांची किंवा राजांची जोडी, एक्का-राणी, राजा-राणी, राण्यांचा किंवा तिर्रींचा सेट (तीन सारखे पत्ते). खालच्या टोकाला चौकटचे ड्रॉ (फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पत्त्यांना, एक पत्ता कमी असलेले हात) आणि नुसतीच हवा. मधले हात, म्हणजे एखादी अठ्ठी, नव्वीची किंवा दश्शीची जोडी, त्याने बहुतेक टर्नला चेक केलेले असतात. आपलं नेमकं उलटं. आपल्याकडे मधलेच हात जास्त: राणी आणि बरा किकर (सोबतचा पत्ता), अठ्ठी, आणि चौकटचे ड्रॉ. त्याच्याकडे टोकं, आपल्याकडे मध्य. मधल्या हातांना अचानक वर उचलणारा पत्ता आला की पारडं आपल्याकडे झुकतं.

किलवर अठ्ठी आली तर

लीडसाठी याहून चांगला पत्ता या बोर्डवर (टेबलावरच्या सामाईक पत्त्यांवर) नाही. मोजून बघा. उरलेल्या अठ्ठ्या दोनच: बदाम आणि इस्पिक. आपल्याकडे एक्का-अठ्ठी, राजा-अठ्ठी, गुलाम-अठ्ठी, दश्शी-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती हे सुटेड (एकाच रंगाचे) हात प्रत्येकी दोन, म्हणजे १२ कॉम्बो (दोन पत्त्यांच्या शक्य जुळण्या). एक्का-अठ्ठी ऑफसुट (वेगळ्या रंगांचे) आणखी ६. राणी-अठ्ठी सुटेड २, तो तर फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) झाला. एकूण २०. यांतले काही टर्नला सोडून दिले असं धरलं तरी पंधरा-सोळा उरतात. बटणवाल्याकडे अठ्ठी जवळजवळ नाही. त्याच्याकडे आपल्याला हरवणारे हात म्हणजे राण्यांचे ३ आणि तिर्रींचे ३ कॉम्बो.

आता त्याच्या जागेवर बसून विचार करा. हातात एक्का-राणी आहे, मधला पत्ता जोडला गेलाय आणि दोन बेट कॉल करणाऱ्या माणसाकडे अठ्ठी असणं अगदी शक्य आहे. तो काय करणार? पुष्कळदा चेक करून हात उघडणार. त्याच एक्का-राणीला तुम्ही आठ बीबी मागितलेत तर मात्र तो देईल.

आपला हात इस्पिक गुलाम-अठ्ठी धरू आणि आकडे समजण्यापुरते सोपे ठेवू. बटणवाल्याची रेंज ७२ कॉम्बोंची: एक्क्यांची जोडी ६, राजांची ६, एक्का-राणी १२, राजा-राणी १२, म्हणजे ३६ हात ज्यांना आपण हरवतो, ६ फुल हाउस जे आपल्याला हरवतात, आणि ३० फुसके हात. आपण ८ बीबी लीड केली, ३६ आणि ६ दोन्ही गटांनी कॉल केला. पॉटच्या वरची कमाई ३६ × ८ उणे ६ × ८ = २४०, भागिले ७२, म्हणजे सरासरी ३.३ बीबी.

चेक केलं आणि तो सावध निघाला: ६ फुल हाउस आणि १५ ब्लफ एवढ्यांनीच १५ बीबी टाकली, आपण कॉल. (१५ − ६) × १५ = १३५, भागिले ७२, म्हणजे १.९ बीबी. लीड सरस.

तोच माणूस बेधडक असेल, ६ फुल हाउस, १५ ब्लफ आणि १५ राणीवाले हातही टाकत असेल, तर (३० − ६) × १५ = ३६०, भागिले ७२, पूर्ण ५ बीबी. आता चेक सरस.

सीमारेषा काढली तर २८ कॉम्बोंवर येते, म्हणजे साधारण ३९ टक्के. आपण चेक केल्यावर तो याहून जास्त वेळा बेट टाकणार असेल तर चेक, कमी वेळा असेल तर लीड. यात चेक-रेझची (चेक करून त्याच्या बेटवर रेझ करण्याची) जादा कमाई धरलेली नाही आणि लीडवर त्याने रेझ केली तर होणारं नुकसानही धरलेलं नाही. दोन्ही धरली तर रेषा आणखी खाली सरकते. म्हणून ‘हात मोठा म्हणून लीड’ हे उत्तर अपुरं आहे. तोच हात, तोच बोर्ड. समोरचा बदलला की चाल बदलते.

चौकट पंजी आली तर

फ्लश पूर्ण झाला. इथे बहुतेक जण डोळे मिटून लीड करतात, आणि इथेच जरा थांबायला हवं. चौकटचे ड्रॉ बटणवाल्यानेही दोन्ही स्ट्रीटला बेट केलेले असतात, आणि त्याच्याकडे मोठ्या पत्त्यांचे फ्लश जास्त असतात, कारण आपण एक्का-राजा सुटेडसारखे हात प्रीफ्लॉपलाच (फ्लॉपच्या आधी) थ्री-बेट (त्याच्या रेझवर पुन्हा रेझ) करून टाकतो. आपल्या बाजूने एवढंच की टर्नपर्यंत आपली रेंज आवळलेली आहे, त्यामुळे तिच्यात फ्लशचं प्रमाण मोठं आहे. त्याच्या रेंजमध्ये अजून बरीच भेसळ आहे. शिवाय त्याची राणी आणि मोठ्या जोड्या आता चेकच होणार.

तेव्हा लीड आहे, पण अठ्ठीइतकी सरळ नाही. मधले फ्लश, म्हणजे गुलाम-दश्शी किंवा दश्शी-नव्वी, लीडला चांगले: चेक झालं तर त्यांचं नुकसान आणि रेझ आली तर फार वाईट वाटत नाही. राजावाला फ्लश मात्र चेक-रेझला राखून ठेवायला हरकत नाही. छक्की-चव्वीसारखा लहान फ्लश एकतर छोट्या साइझमध्ये किंवा चेक-कॉलमध्ये. पाऊण पॉट टाकून रेझ ओढवून घेतली तर त्याचं काही खरं नाही.

बदाम एक्का, बदाम तिर्री, बदाम दुर्री

एक्का आला तर लीड विसरा. एक्का बटणवाल्याचा पत्ता आहे. त्याचे एक्कावाले कितीतरी ब्लफ आता टॉप पेअर झाले आणि एक्का-राणीची दोन जोडी. तो बेट टाकत राहणार, तर टाकू द्या.

तिर्रीवर मात्र बरेच जण फसतात. बोर्ड जोडला गेला म्हणजे कॉल करणाऱ्याचा फायदा, असं घोकलेलं असतं. पण तिर्री असलेले हात आपण फ्लॉपला कॉल केले असले तरी टर्नच्या पाऊण पॉटला टाकून दिले. आता आपल्याकडे तिर्री उरलीच नाही. मधला पत्ता जोडला गेला तर फायदा आपला, तळचा जोडला गेला तर बहुधा कोणाचाच नाही. दुर्रीचंही तेच. अशा कोऱ्या पत्त्यावर त्याचे ड्रॉ फसलेले असतात आणि ते त्याला ब्लफ मारायचे असतात. आपण पुढे होऊन त्याला ती संधी का नाकारायची? पूर्ण रेंज चेक.

या बोर्डवर नसलेला एक प्रकार सांगून पुढे जातो: मधल्या पत्त्यांचा स्ट्रेट (सलग पाच पत्ते). राजा-सत्ती-छक्की फ्लॉप, टर्न दुर्री, रिव्हर अठ्ठी असं आलं तर पंजी-चव्वी आणि दश्शी-नव्वी पूर्ण होतात. लहान रेझला आपण पंजी-चव्वी ऑफसुटही कधी कधी कॉल करतो, बटणवाल्याकडे ती असली तर बहुधा सुटेडच. शिवाय त्याची राजावाली जोडी तीन सलग पत्ते पडलेला बोर्ड बघून थबकते. लीडसाठी उत्तम.

बेट किती टाकायची

साइझ ठरवताना दोन गोष्टी बघायच्या: आपल्याला कॉल कोण देणार आहे, आणि त्याच्याकडे आपल्याहून मोठे हात किती आहेत. अठ्ठीच्या उदाहरणात त्याच्याकडे फुल हाउस आहेत आणि कॉल देणारे हात एक-एक जोडीचे आहेत, म्हणून पॉटच्या एक तृतीयांश ते निम्मा. जिथे नट्सच्या (त्या बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या हाताच्या) जवळचे हात आपल्याकडेच जास्त आहेत, तिथे पाऊण पॉट किंवा पूर्ण पॉटसुद्धा. राजा-सत्ती-छक्कीवर मी छोटी लीड कधीच सुचवणार नाही.

आकडे पाठ असावेत, कारण टेबलावर भागाकार करायला वेळ मिळत नाही. पाव पॉट टाकली तर ब्लफ वसूल होण्यासाठी समोरच्याने २० टक्के वेळा फोल्ड करायला हवं. एक तृतीयांशला २५, अर्ध्याला ३३, पाऊण पॉटला ४३, पूर्ण पॉटला ५०, दीड पॉटला ६०. आणि समोरच्याला तटस्थ ठेवायचं, म्हणजे कॉल आणि फोल्ड त्याला सारखेच पडावेत असं हवं, तर आपल्या बेटमध्ये ब्लफचा वाटा पाव पॉटला १७ टक्के, एक तृतीयांशला २०, अर्ध्याला २५, पाऊणला ३०, पूर्णला ३३.

आपल्या हातात लागू करू. २३ च्या पॉटमध्ये ८ बीबी टाकतोय आणि व्हॅल्यूचे (कॉल मिळावा म्हणून बेट टाकायचे, चांगले) १६ कॉम्बो आहेत. वीस टक्क्यांच्या हिशेबाने ब्लफ ४. तिथेच १७ बीबी टाकली असती तर ब्लफ ७ चालले असते. छोट्या लीडमध्ये ब्लफ फार थोडे बसतात. फसलेला प्रत्येक ड्रॉ घेऊन लीड करणारा माणूस एका संध्याकाळीच उघडा पडतो.

ब्लफ कोणते निवडायचे

ब्लफच्या हातात समोरचा जे टाकून देणार आहे ते पत्ते नसावेत आणि ज्याने तो कॉल देणार आहे ते पत्ते असावेत (जो पत्ता आपल्या हातात, तो त्याच्याकडे असू शकत नाही), हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण अशी की किलवर अठ्ठी आल्यावर आपल्याकडे फसलेले हात जवळपास सगळे चौकटचेच असतात, आणि त्याचे फोल्ड होणारे हातही चौकटचेच. म्हणजे आपला ब्लफ त्याच्या फोल्डना थोडा अडवतोच. इलाज नाही, त्यातल्या त्यात बरे निवडायचे. चौकटचा राजा-दश्शी चांगला, कारण तो राजा-राणी आणि राजांची जोडी कमी करतो. चौकटचा एक्का असलेला हात चेक करा. एक्का-हाय (काही न जुळलेला, नुसत्या एक्क्याचा हात) कधीकधी फुकटात जिंकतो, त्याला ब्लफमध्ये कशाला जाळायचं.

चौकट पंजीवर गोष्ट वेगळी. तिथे चौकटचा एक्का आणि दुसऱ्या रंगाची अठ्ठी हा हात मोठ्या साइझच्या ब्लफसाठी फार उपयोगी, कारण सगळ्यात मोठा फ्लश आता त्याच्याकडे असूच शकत नाही. लहानशी जोडी हातात असताना ती ब्लफमध्ये बदलायला अनेकांचं मन तयार होत नाही, पण इथे त्या जोडीने चेक-कॉल करून फारसं काही मिळत नाही.

छोटी लीड, म्हणजे ब्लॉक बेट

आतापर्यंत मोठ्या हातांचं बोललो. दुसरी लीड मधल्या हातांची. समजा रिव्हरला चौकट पंजी आली आणि तुमच्याकडे इस्पिक राणी-गुलाम आहे. चेक केलं आणि त्याने १७ बीबी टाकली तर निर्णय अवघड. त्याऐवजी तुम्ही ५ बीबी टाकता. नव्वी, दश्शी किंवा गुलामांची जोडी, हलक्या किकरची राणी, कधी एखादी अठ्ठी त्याच्या रेंजमध्ये शिल्लक असेल तर तेवढ्याला कॉल देते, आणि शोडाउनची (हात उघडण्याची) किंमत तुम्ही ठरवलेली असते.

यात गडबड कुठे होते? पहिली, साइझ वाढत जाते. २३ च्या पॉटमध्ये १२ टाकली की ती ब्लॉक राहिली नाही. कमजोर हात निघून जातात आणि फक्त तुम्हाला हरवणारे थांबतात. वीस ते पंचवीस टक्के, त्यावर नको. दुसरी, रेझ आली की कुतूहल जागं होतं. ५ वर त्याने २५ केली तर तुम्हाला ५३ च्या पॉटसाठी २० द्यायचे आहेत, म्हणजे २७ टक्के वेळा तरी जिंकायला हवं. लाइव्ह खेळात (ऑनलाइन नव्हे, समोरासमोरच्या टेबलावर) रिव्हरची रेझ ब्लफ असण्याचं प्रमाण त्याहून बरंच खाली असतं. राणी-गुलाम टाका आणि पुढचा हात घ्या. तिसरी, आणि अनुभवी खेळाडूंसमोर सगळ्यात महाग पडणारी: छोटी बेट नेहमी मधल्याच हाताची असते हे समोरच्याला कळतं, आणि मग तो प्रत्येक छोट्या बेटवर रेझ मारायला लागतो. म्हणून अधूनमधून मोठा फ्लशही याच साइझने टाकायचा. एकदा का तो शोडाउनला दिसला की पुढचे दोन तास तुमच्या छोट्या बेटना किंमत राहते.

टर्न चेक-चेक झाला असेल तर

हा वेगळाच प्रसंग आहे, पण लोक दोन्हींची सरमिसळ करतात. त्याच फ्लॉपवर बटणवाल्याने १.८ टाकली, तुम्ही कॉल, आणि टर्नला दोघांनी चेक केलं. आता पॉट ९.१ आहे आणि त्याने स्वतःच सांगून टाकलंय की त्याचा हात फार मोठा नाही. इथे लीडला कुठल्याही खास पत्त्याची गरज नाही. चांगल्या किकरची राणी पाऊण पॉटला, दोन जोडी आणि सेट पॉटपेक्षा जास्त, अठ्ठी एक तृतीयांशला म्हणजे एक्का-हायने तरी कॉल द्यावा. चेक-रेझच्या आशेने बसणं इथे बहुधा चूक, कारण ज्याने टर्नला चेक केलं तो रिव्हरलाही बऱ्याचदा चेकच करतो. ब्लफही इथे मोकळेपणी बसतात. टर्नला सेट लपवून ठेवणारे खेळाडू असतात, पण त्यांच्यासाठी सगळा डाव बदलण्याइतके ते जास्त नसतात.

लाइव्ह टेबलावर

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून आपल्या भागातल्या बहुतेकांसाठी पोकर म्हणजे पणजीतल्या मांडवीवरचे कसिनो. तिथे स्क्रीनवर समोरच्याची टक्केवारी दिसत नाही. वरची ३९ टक्क्यांची रेषा मग कशी वापरायची? शोडाउन बघून. तुम्ही हातात नसतानाही. रिव्हरला चेक-चेक होऊन हात उघडले की मागे बसलेल्याकडे काय होतं ते लक्षात ठेवा. फ्लश पूर्ण झालेल्या बोर्डवर त्याने मोठी जोडी चेक केली? सेट चेक केला? असा माणूस समोर असेल तर लीडचं प्रमाण निःसंकोच वाढवा. ज्याच्या हातातल्या चिप्स तुमचं चेक होण्याआधीच हलायला लागतात, त्याच्यापुढे चेक.

माझ्या मते लाइव्ह खेळात मोठी रिव्हर लीड लोक गरजेपेक्षा जास्त मानतात आणि छोटी लीड गरजेपेक्षा कमी. म्हणून अशा टेबलावर मोठी लीड ब्लफला आणि छोटी-मध्यम लीड व्हॅल्यूला थोडी जास्त वापरावी. फक्त कॉलच करणारा माणूस समोर असेल तर हे उलटं: ब्लफ शून्य, व्हॅल्यू पाऊण पॉट.

प्रीफ्लॉपला चार-पाच जण आत येणं लाइव्हमध्ये नेहमीचं आहे, आणि रिव्हरला तिघे उरले असतील तर ब्लफ लीड जवळजवळ बंदच करा. प्रत्येक जण निम्म्या वेळा फोल्ड करत असेल तर दोघेही फोल्ड होण्याची शक्यता फक्त २५ टक्के. व्हॅल्यूची लीड मात्र तिघांत जास्त उपयोगी पडते, कारण दोघांच्या पुढ्यात एक जोडी घेऊन बेट टाकायची हिंमत मागचा माणूस क्वचितच करतो.

चिप्स टाकण्याच्या पद्धतीतही चुका होतात. तुमच्यापुढे कोणतीही बेट नसताना तुम्ही न बोलता ५,००० ची एकच चिप टाकली तर ती ५,००० चीच बेट धरतात. मनात १,५०० होते हे नंतर सांगून उपयोग नाही. आकडा आधी तोंडाने बोला. दोन हप्त्यांत चिप्स सरकवू नका. विचार करताना टेबलावर बोटं वाजवायची सवय असेल तर ती मोडा, टॅप म्हणजे चेक. आणि तुमच्या लीडला कॉल आला तर हात आधी तुम्हालाच दाखवायचा असतो, त्यामुळे कोणता ब्लफ सगळ्या टेबलाला दिसणार आहे याचा विचार आधीच करा.

टुर्नामेंटमध्ये हातात पॉटच्या निम्म्याहून कमी चिप्स उरल्या असतील तर छोटी लीड टाकून मग फोल्ड करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तिथे एकतर ऑल-इन, नाहीतर चेक.

किती वेळा, आणि सराव कसा

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: बहुतेक पत्त्यांवर लीड आणि चेक यांच्यातला फरक बीबीच्या अंशात असतो. सॉल्व्हरसुद्धा (सर्वोत्तम चाली काढून देणारा प्रोग्राम) चांगल्या पत्त्यावर तोच हात कधी लीड, कधी चेक असा मिसळून खेळतो. म्हणून शंका असेल तिथे चेक करा, फार काही जात नाही. सगळे मोठे हात लीडमध्ये घातले तर मात्र खरंच जातं: तुमच्या चेकमागे काही उरत नाही, आणि जरा डोकं असलेला माणूस तुमच्या प्रत्येक चेकवर बेट मारायला लागतो. अठ्ठीच्या उदाहरणात राणी-अठ्ठीचा फुल हाउस आणि एक्का-अठ्ठीतले काही कॉम्बो चेकमध्ये राहिलेच पाहिजेत.

सॉल्व्हरवर हे तपासायचं तर सेटिंगमधली एक जागा आधी बघा. पायोसॉल्व्हरसारख्या प्रोग्राममध्ये शक्य चालींचं झाड मांडताना डॉन्क बेटचा रकाना वेगळा असतो आणि तो रिकामा ठेवला तर प्रोग्राम कधीच लीड करत नाही. मग ‘सॉल्व्हर तर नेहमी चेक करतो’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. त्यांनी त्याला दुसरा पर्याय दिलेलाच नसतो. रिव्हरच्या रकान्यात ३३ आणि ७५ टक्के असे दोनच आकडे भरा. पाच साइझ दिल्या तर उत्तर वाचता येत नाही. फ्लॉप ३३, टर्न ७५ असं मांडून टर्नच्या कॉलनंतर सगळे ४८ रिव्हर एकाखाली एक बघा आणि लीडच्या प्रमाणानुसार लावा. वर कोणते पत्ते येतात यापेक्षा मधल्या फळीत कोणते येतात ते जास्त शिकवतं. नंतर बटणवाल्याचा चेक-बॅक (आपल्या चेकनंतर त्याचाही चेक) हाताने वाढवून लॉक करा, म्हणजे प्रोग्रामला तो बदलता येणार नाही असा ठेवा, समजा अठ्ठीवर त्याला सगळ्या एक जोडीच्या हातांनी चेक करायला लावा, आणि लीड किती उसळते ते बघा. पुढच्या वेळी पणजीला जाल तेव्हा तो लॉक केलेला बटणवाला तुम्हाला अनेक खुर्च्यांवर बसलेला दिसेल.